काहीच न उगवलेल्या बाटल्या

रायलीच्या रक्ताच्या सहा बाटल्या माझ्याच प्रयोगशाळेतल्या उबदार कपाटात होत्या. औलूच्या रुग्णालयात मी जंतूंची तपासणी करते. बाटलीत जंतू उगवले की कपाटावर पिवळा दिवा लागतो. पाच दिवस झाले, दिवा लागला नव्हता.

रायली माझी थोरली बहीण. शाळेत स्वयंपाक करते. तिथेच तिच्या उजव्या हातातून डाव गळून पडला. पक्षाघात. हृदयाच्या झडपेवर गुठळ्या दिसल्या. त्यांतलीच एक सुटून मेंदूत गेली होती. डॉक्टर लेहतोवारांनी झडपेला जंतुसंसर्ग ठरवला आणि अँटिबायोटिक सुरू केलं.

"ताप नाही, बाटल्या स्वच्छ," मी म्हटलं. "कर्करोगातही झडपेवर अशा गुठळ्या धरतात. मग औषध वेगळं, रक्त पातळ करणारं. पोटाचं स्कॅन करा. सात किलो उतरलीय ती."

"आरोग्य केंद्रातल्या बाईनं तर वजन उतरलं म्हणून अभिनंदन केलं माझं," रायली पलंगावरून म्हणाली. "आता परत चढवू की काय?"

"कधी कधी जंतू उगवत नाहीत," डॉक्टर म्हणाले. "बहीण म्हणून तुमची काळजी समजते. पण स्कॅनला रांग आहे."

बहीण म्हणून! एकोणीस वर्षं मी या माणसाला फोनवर जंतूंची नावं सांगत आलेय. "नक्की का?" असं त्यांनी एकदाही विचारलं नाही.

सहाव्या दिवशी दुसरा झटका आला. लहानसाच, पण रायलीची वाचा घेऊन गेला.

बाटल्या त्या दिवशी टाकून द्यायच्या असतात. मी त्या वर नेल्या आणि डॉक्टरांच्या टेबलावर मांडल्या.

"हे काय?"

"तुमचे जंतू. दाखवा मला."

"प्रयोगशाळेबाहेर आणायची परवानगी कुणी दिली?"

"कुणीच नाही. स्कॅन कधी?"

दुपारीच झालं. रांग कुठे गेली, कुणी सांगितलं नाही. स्वादुपिंडात गाठ, यकृतापर्यंत पोचलेली. रक्त पातळ करणारी इंजेक्शनं संध्याकाळी सुरू झाली.

दुसऱ्या सकाळी मला पत्र आलं: बाटल्या बाहेर का नेल्या, लेखी खुलासा द्या. माझा गुन्हा यांना एका रात्रीत सापडला. रायलीच्या पोटात डोकावायला सहा दिवस लागले, आणि तिची वाचा.

पत्र मी तिला दाखवलं. तिला वाचता आलं की नाही, कळलं नाही. तिनं डाव्या हातानं माझ्या खिशातलं पेन ओढून काढलं आणि माझ्या पुढ्यात आपटलं.

तिच्या जेवणाच्या ट्रेवरच मी खुलासा लिहायला घेतला. पहिला दिवस: जंतूंची वाढ नाही.