होडी पलीकडे जाईना

दुर्गाघाटावरच्या नरहरभटांनी उभ्या जन्मात हजारोंचे पिंड पाडले. आता स्वतःच्या बायकोचं वर्षश्राद्ध आलं, तर पार्किन्सनने हात असा थरथरायचा की पिंड ठेवेपर्यंत भाताचा नुसता भुगा.

त्यात बायको, म्हणजे गीताकाकू, गेल्या त्या गंगेपलीकडे, रामनगरला बहिणीकडे. वरणभातावर नेहमीसारखं वरून मीठ घेतलं आणि पानावरच कलंडल्या. काशीत कुणालाही विचारा: पलीकडे मेला तो पुढच्या जन्मी गाढव. आपल्या हातून पिंड नीट पडला तरच तिची सुटका, हे भटजींनी डोक्यात घेतलं.

मुलीने, मधुराने, त्यांना मेंदूची तालीम लावली. गोळ्या चालूच, वर हे. डोक्याला तारांची पट्टी बांधायची. मन निवलं की पडद्यावरची होडी पुढे सरकते, आणि मेंदूला निवण्याची सवय लागते म्हणे. दवाखाना नेमका रामनगरात! पूल ओलांडताना भटजी स्वतःची नाडी धरून बसायचे.

होडी मधोमध आली की ते दचकत. होडी मागे.

"बाबूजी, बस पार जाना है," पट्टी बांधणारी मुलगी म्हणाली.

"पार जाऊन गाढव कोण होणार? तू?"

शेवटी मधुराने चित्र उलटं करून घेतलं. आता होडी काशीकडे निघाली. भटजी निवले. हातातल्या कपातला चहा कपातच राहिला! घरी आल्यावर मात्र तोच चहा धोतरावर.

"असं कसं, बाबा?"

"अगं, घरात बसून घरी कसा पोचू?"

म्हणून श्राद्ध रामनगरच्या वाळूत.

"बाबा, लोग हँसेंगे."

"हसू देत."

समोर, नदीपलीकडे काशीचा अमृतराव घाट. भटजींनी मनातली होडी सोडली. हात थांबला. पिंड दर्भावर अलगद बसला, अख्खा. मग कावळ्याची वाट. कावळा काही येईना. आली ती धोब्याची गाढवी. लहानशीच, वर्षाच्या आतली.

"हट! हट!" मधुरा ओरडली.

"राहू दे गं."

गाढवीने पिंड खाल्ला. मग भटजींच्या तळव्याला चिकटलेली शितं चाटली. हात जराही हलला नाही.

"अळणी आहे ना गं?" भटजी हळूच म्हणाले. "श्राद्धाच्या भाताला मीठ नसतं, गीते."

मागून धोबी आला. गाढवीच्या पाठीत काठी बसली, आणि भटजींचा हात पुन्हा सुरू झाला.