दीपमालाची लक्षवेधी

अर्थसंकल्पी अधिवेशन जवळ आलं की संत तुकाराम नगरातल्या कामगार महासंघाच्या कचेरीत मधुसूदन लिमयांना भाव यायचा. कामगारांसाठी सरकारकडे काय मागायचं, ते अठरा वर्षं तेच लिहीत आले होते. यंदा मात्र अध्यक्ष उद्धवराव म्हणाले, "मधुभाऊ, आमदारसाहेब सभागृहात आपली लक्षवेधी सूचना मांडायला तयार आहेत. मसुदा दीपमाला लिहितेय. तुम्ही नुसती नजर घाला."

नुसती नजर! तो शब्द त्यांना सलत राहिला.

दीपमाला कंत्राटी कामगार. मूळची हिंगोलीची, राहायला कुरुळीत. दुपारी तिनं आणलेला मसुदा एकाच पानाचा होता. महाळुंग्यात कारखान्यातल्या प्रेस मशीनखाली एका बाईची बोटं गेली. टेम्पोत घालून तिला पिंपरीच्या दवाखान्यात आणायला दोन तास लागले, आणि ती वाटभर विचारत होती, "माझी आजची हजेरी लागल का?" म्हणून महाळुंग्यात चोवीस तास चालणारा कामगार दवाखाना हवा, त्यासाठी याच अर्थसंकल्पात तरतूद हवी.

मधुसूदनांनी पान दोनदा वाचलं. असं एक वाक्य आपल्याला अठरा वर्षांत सुचलं नाही.

तेवढ्यात त्यांना चूक दिसली. दवाखान्यानंतर शेवटी किमान वेतनाचीही मागणी होती. लक्षवेधीला विषय एकच लागतो. दोन घातले की सूचना विधिमंडळाच्या कचेरीतूनच बाद. महासंघात हे एकट्या त्यांनाच ठाऊक होतं.

"कसं झालंय, काका?"

"ठीक आहे," म्हणून ते चष्मा पुसत बसले.

संध्याकाळच्या बैठकीत उद्धवरावांनी मसुदा मोठ्यानं वाचला. खुर्च्यांची करकर थांबली. मधुसूदनांचं निवेदन वाचताना लोक चहा मागवायचे.

"एक नंबर, ताई!" कार्यकर्ता धनेश ओरडला. "मधुकाका, तुम्ही सुटलात आता!"

सगळे हसले. मधुसूदनही हसले. पडू दे तोंडावर, त्यांच्या मनात आलं. उद्धवराव पाकिटाला डिंक लावू लागले.

"थांबा," मधुसूदनांचा आवाज चिरकला. "लक्षवेधीत दोन विषय चालत नाहीत. बाद होईल ती."

दीपमाला वळली. "दुपारीच तर वाचलं की तुमी. तवाच का न्हाई सांगितलं?"

"सांगवलं नाही. तू फार चांगलं लिहिलंयस म्हणून."

आता कुणी हसलं नाही. दीपमाला म्हणाली, "वेतनाचं वाक्य माझं न्हाई, काका. तुमच्या निवेदनातलं हाय. दरसाली पयलं तेच असायचं. ते मी कसं सोडू?"

त्यांनी कागद ओढला. वाक्य खरंच त्यांचं होतं, 'सबब'सकट. दवाखान्याची मागणी गाळा म्हटलं असतं तरी नियमात बसलं असतं, आणि त्या खोलीत कुणी हूं की चूं केलं नसतं. त्यांनी पेन उघडलं आणि आपलं वाक्य खोडलं. अक्षर न् अक्षर दिसेनासं होईपर्यंत.

"आता हे स्वच्छ उतरवून काढ," ते म्हणाले. "आणि खाली महासंघातर्फे म्हणून तुझं नाव घाल."

ती तिथंच लिहायला बसली. मधुसूदन तिच्या खांद्यावरून बघत राहिले. अक्षरसुद्धा सुरेख होतं मेलीचं.