न शिवलेली जखम

मास्तरांच्या दुकानातून उसवलेलं कापड कधी तसंच परत गेलं नाही. गिऱ्हाईक पँटची उंची कमी करायला आलेलं असायचं, पण खिशाची शिवण सुटलेली दिसली की मास्तर न विचारता तिच्यावर टीप मारून द्यायचे. काजं करायला बसलेली त्यांची बायको गिऱ्हाइकांना सांगायची, "भोक दिसलं की यांना चैन पडत नाही. एक दिवस माझं तोंडही शिवतील बघा."

"एवढा दोरा कुठून आणू?" मास्तर मान वर न करता म्हणायचे.

शिवलेले कपडे घरपोच द्यायचं काम त्यांच्या मुलीकडे होतं. ताई म्हणायचे तिला सगळे. त्या सकाळी ती सायकलवरून निघाली आणि गटारासाठी खणलेल्या चरात सायकलसकट कोसळली. नडगीचं हाड मोडलं आणि कातडी फाडून बाहेर आलं. चरातला काळा गाळ त्या उघड्या हाडाला माखला होता.

मोठ्या इस्पितळात लगेच ऑपरेशन झालं. हाड जागेवर बसवून, हलू नये म्हणून पायाबाहेरून लोखंडी सळ्यांचा सांगाडा लावला. सलाइनमधून औषधं सुरू झाली. ताई शुद्धीवर आली, आईकडून दोन घोट पाणी प्यायली आणि म्हणाली, "बाबा, सायकलचं काय झालं?" तेव्हा कुठे मास्तरांच्या जिवात जीव आला.

दुसऱ्या दिवशी पट्टी बदलताना त्यांनी जखम पाहिली, आणि त्यांचं डोकं फिरलं. पाय फाटलेला तो फाटलेलाच होता. आतलं लाल मांस दिसत होतं. एकही टाका नव्हता.

"सिस्टर, हे काय? शिवलंच नाही?"

वॉर्डातली सिस्टर वयस्क होती. नव्या पोरींना शिकवावं तसं सावकाश सांगायची तिला सवय होती. "मुद्दाम उघडं ठेवलंय, मास्तर. आत गाळ गेला होता ना? धुतला आम्ही भरपूर, मेलेलं मांस काढलं. पण एका धुण्यात सगळं निघत नाही. उद्या पुन्हा ऑपरेशनला नेणार, पुन्हा धुणार. जखम स्वच्छ झाली की मग बंद करायची. आज तोंड बंद केलं तर घाण आतच कोंडेल, आणि तिथे हाड आहे. हाडात पू झाला की तो लवकर हटत नाही."

मास्तरांनी मान हलवली. ऐकलं सगळं, पण पटलं नाही. अर्धवट काम टाकून कारागीर उठतो तो एकतर आळशी नाहीतर शिकाऊ, हे त्यांचं आयुष्यभराचं मत. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या, तेही त्यांना खुपलं.

"हात बसलेला नाही पोरीचा," ते बायकोला बाहेर म्हणाले. "टाका जमत नाही, म्हणून उघडं ठेवतात."

"अहो, ती डॉक्टर आहे. तुम्ही शिंपी आहात."

"शिवण कुणाला जास्त कळते मग?"

बायको गप्प बसली. नंतर कित्येक वर्षं तिला तो आपला गप्पपणा बोचत राहिला.

बाजारपेठेतल्या छोट्या दवाखान्यातले डॉक्टर मास्तरांचं जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या हाताच्या सफाईचं मास्तरांना भारी कौतुक होतं. मास्तरांनी जाऊन विचारलं तेव्हा डॉक्टर आधी जरा घुटमळले, मग म्हणाले, "आणा. घालू टाके."

ताई नको म्हणत होती. "बाबा, सिस्टर सांगते ते ऐकू या ना. उद्या धुणार आहेत."

"तुला कळतंय का त्यातलं काही?"

डॉक्टरीणबाई वॉर्डाच्या दारापर्यंत मागे आल्या. "काका, तिचा पाय जाईल. पुढे जिवावरही बेतेल. स्पष्ट सांगतेय." मास्तरांना ती धमकी वाटली. त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर सही केली, ताईलाही करायला लावली आणि तिला घेऊन गेले.

टाके सुरेख पडले. सारख्या अंतरावर, कुठे चूण नाही की ओढ नाही. मास्तर पुन्हा पुन्हा पट्टीची कड उचलून बघायचे. घरी आल्यावर ते गाढ झोपलेही.

मग ताईला ताप चढला. दुसऱ्या दिवशी पाय टरारून फुगला आणि तेच सुरेख टाके कातडीत रुतायला लागले. ताई पायाला चादरसुद्धा लागू देईना. टाक्यांमधून तपकिरी पाणी झिरपलं. त्याचा वास असा, की आईने खिडक्या उघडल्या आणि त्या उघड्या खिडकीशी उभी राहून ओरडली, "आता उचला तिला! आत्ताच्या आत्ता!"

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी लगेच पट्टी सोडली. फुगलेल्या भागावर त्यांनी बोटं टेकवली. कातडीखाली काहीतरी कुरकुरलं, वाळूवर पाय पडावा तसं. मास्तरांनाही ते ऐकू आलं. बाईंनी टाके कापले. आतलं मांस काळं पडलं होतं.

"आत सडून वायू धरलाय, विष वर चढतंय," बाहेर येऊन त्या म्हणाल्या. "गुडघ्याच्या वरून पाय काढावा लागेल. नाहीतर ती वाचणार नाही. ती सज्ञान आहे, तिला सांगायला हवं. मी सांगते."

"मी सांगतो," मास्तर म्हणाले.

ताईचे ओठ कोरडे पडले होते, पण डोळे जागे होते. वडील काय सांगायला आलेत ते तिला त्यांच्या चालण्यावरूनच कळलं असावं. तरी तिने पूर्ण बोलू दिलं. मास्तरांनी काही लपवलं नाही. पाय काढणार, कुठून काढणार, का काढणार, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "हे माझ्यामुळे झालं, ताई."



"डॉक्टरांना सांगा, माझी तयारी आहे."

"बरं."

"आणि आईला पाठवा."

मास्तर तिच्या केसांवरून हात फिरवायला वाकले. तिने मान पलीकडे वळवली. जोरात नाही, माशी हाकलावी इतपतच.

"तुम्ही बाहेर थांबा, बाबा. आईला पाठवा."

त्यांनी बायकोला आत पाठवलं आणि ते दाराबाहेर भिंतीशी उभे राहिले.  आत ताई रडायला लागली, लहानपणी रडायची तशी, मोठ्याने, हुंदके देत. इतका वेळ तिने त्यांच्यासमोर रडू आवरून धरलं होतं. मास्तरांचा हात दारावर गेला. त्यांनी तो परत घेतला आणि तिने सांगितलं होतं तिथे, बाहेर, थांबून राहिले.