सातपुड्याची मुळी

भडगावजवळच्या त्या गावात कुणी बाळंत झाली की झुंबरअक्काची पुडी घरी आलीच पाहिजे. दुधात कालवून घेतली की अंगावर दूध उतरतं, असा बायकांचा भरवसा. कसली पुडी म्हणून विचारलं, की अक्का सांगायची, "सातपुडानी मुळी शे." ही शुद्ध थाप होती. मुळी निघायची गावामागच्या गायरानातून, शतावरीच्या काटेरी वेलाखालून. पण जागा सांगितली की मुळीचा गुण जातो, असं सासूनं बजावलं होतं, आणि सासू मेल्यावरही अक्का तिला भ्यायची.

सत्त्याऐंशी साली गायरान निलगिरीच्या लागवडीला द्यायचं घाटत होतं. ग्रामसभेत सरपंच अभिमन म्हणाला, "तठे कुसळं सोडीसन काय शे?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मागे बसलेल्या अक्काची मान तेवढी हलली नाही. इतकी वर्षं थापा मारून तिनंच ती जमीन पडीक ठरवली होती! बोलावं, तर गुण जाणार, आणि घरी सून पुष्पा दिवस भरून बसलेली. न बोलावं, तर वेलच जाणार. अक्का उठली.

"अभिमन भाऊ, ती मुळी सातपुडानी नही, आपला गायराननी शे. शतावरी शे ती. ज्या दूधवर तू वाढना, ते भी तठलंच."

सभा हसली, पण त्या वेलांवर निलगिरी लावायला कुणी राजी होईना. ठराव बारगळला.

त्याच आठवड्यात पुष्पाला मुलगी झाली. दूध काही येईना. अक्का कुदळ घेऊन गायरानात गेली. वेलांच्या जागी नुसते खड्डे! गुण जातो म्हणजे काय, ते तिला आज उमगलं. सासू मंत्राचं नाही, वेलाचं बोलत होती. आपण नाव तेवढं सांगितलं, मुळी काढायची कशी ते सांगितलंच नाही. अक्का ओक्साबोक्शी रडली.

घरी आली तर ओट्यावर बायकांची ही गर्दी, आणि प्रत्येकीच्या ओच्यात उपटलेले वेल.

"पुष्पाकरता लयी उनूत, अक्का," शेजारची सुंदरबाई ओच्यातले वेल पुढे करत म्हणाली.

हसावं की रडावं, अक्काला कळेना. "इतली मुळी? ती काय म्हैस शे का?"

मूठभर मुळ्या ठेचून तिनं दुधात उकळल्या आणि ते दूध पुष्पाला पाजलं. चार दिवसांनी पोर पोटभर पिऊन झोपू लागली. पण अक्का तेवढ्यावर थांबली नव्हती. वेल आले त्याच दुपारी उरलेल्या वेलांचे मुळांसकट गड्डे घेऊन तिनं सगळ्याजणींना गायरानात नेलं. थोड्या मुळ्या काढायच्या, बाकीच्या गड्ड्याला तशाच ठेवून तो परत मातीत लावायचा, हे तिनं स्वतः करून दाखवलं. सुंदरबाईनं पहिलाच गड्डा उलटा लावला.

"शेंडा वर ठेव व बाई," अक्का ओरडली, "शेंडा वर!"