दंडावर उमटलेली देवीची बोटं

गोदाबाईच्या दंडावर देवीची चार बोटं उमटली होती. लालभडक, टरारून फुगलेली. भातकुलीजवळचं ते सारं गाव देवळापुढे लोटलं होतं.

"पाहा!" डोमाजी भगत लिंबू नाचवत गरजला. "काल म्या साऱ्या बायाईच्या दंडाले तेल लावलं. आईनं एकटीचाच दंड धरला! पोरगं हिनंच खाल्लं!"

पोरगं म्हणजे खुशालरावांचा नातू, तापानं गेलेला. खुशालरावांनी काठी हाणली. पहिला घाव गोदाबाईच्या खांद्यावर बसला, दुसरा थेट डोळ्यावर. ती रक्तात कोसळली, आणि मग दगड सुरू झाले.

तिची सून दामिनी अमरावतीत, राजापेठेतल्या शिकवणीत जीवशास्त्र शिकवायची. त्या दिवशी ती गावीच होती; गर्दीत घुसून सासूवर आडवी पडली. एका दगडानं तिचं कपाळ फोडलं. तेवढ्यात सासूच्या दंडावरचे पाण्यानं भरलेले फोड तिला दिसले, आणि ती ताडकन उठली. डोमाजीची झोळी तिनं हिसकली. आतून दोन बाटल्या निघाल्या.

"दोन काहून?" ती खुशालरावांकडे वळली. "काकाजी, एका हाताले ही लावा, दुसऱ्याले ती. तुमी तं पापी नाही ना?"

"आईची परीक्षा घेऊन राहिली!" डोमाजी किंचाळला, पण त्याचा आवाज फाटला होता.

"लाव!" खुशालरावांनी दोन्ही हात पुढे केले. दगड थांबले.

दुसऱ्या दिवशी खुशालराव गोदाबाईला नेलेल्या दवाखान्यात आले. डावा हात स्वच्छ, उजवा सुजून लाल, फोडांनी भरलेला.

"पोरी, हे काहून झालं? म्या कोणाले खाल्लं?"

"बिब्बा आहे तो, काकाजी. आपण बिब्बा वापरतो, तं अंग त्याले ओळखते. रस कातडीत मुरला की अंगाले वाटते, दुश्मन घुसला. मंग तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून लाली आन् गरमी. त्यातून पाणी आन् पांढऱ्या पेशी बाहेर येतात, म्हणून सूज आन् ठणका. या पेशी जमाले वेळ लागते. म्हणून त्यानं रसानं ओढलेली चार बोटं दुसऱ्या दिवशी उठली. बाकी बायाईले त्यानं साधं तेल लावलं."

खुशालरावांनी विचारलं, "तिचा डोळा?"

"गेला."

डोमाजीला पोलिसांनी बडनेरा स्टेशनवर पकडलं. खुशालराव स्वतःहून ठाण्यात गेले आणि म्हणाले, "पहिली काठी माही होती."

अंगावर सूज येते, ती आपलंच शरीर आणतं. तिचं कारण डॉक्टरला विचारा, भगताला नव्हे. आणि विचारायचं ते दगड उचलण्याआधी. गोदाबाईच्या गावानं नंतर विचारलं.