पोळपाटातला खळगा

मी पोळपाट. सागवानी, गोल, आणि आता बिनपायांचा. जन्मभर लोकांचं ऐकत आलो, आज तुम्ही माझं ऐका. मधे प्रश्न विचारू नका, मला ते खपत नाही.

शाळा काही माझ्या वाट्याला आली नाही. कसबा पेठेत ज्ञानदेव नावाचा कातारी होता. त्याच्या यंत्रावर गरगर फिरून गोल झालो, तेवढंच शिक्षण. रामदासची नवी नवरी द्वारका मला विकत घ्यायला आली आणि उलटा करून बघत बसली. चौथा पाय लावायचा राहिला का, असं तिने विचारलं. ज्ञानदेवाने वर न बघता सांगितलं, "वहिनी, चार पायांचं डुगडुगतं. तीन पायांचं कधी डुगडुगत नाही."

घरी नेऊन तिने मला चार ठिकाणी ठेवून पाहिलं. नाही डुगडुगलो. मग तिचा विश्वास बसला.

कसब्यातल्या त्या दोन खोल्यांत माझा मान होता. मला पाय लागता कामा नये, हा द्वारकाचा नियम. मुलगा अनिरुद्ध रांगताना एकदा पाय लावून गेला, तर त्याचेच इवलेसे हात जोडून तिने मला नमस्कार घालायला लावला. त्याला काय कळतंय? पण नियम म्हणजे नियम.

सगळ्या पोळ्या झाल्या की शेवटच्या कणकेची ती चिमणी करायची. मोहरीचे डोळे, चिमटीने ओढलेली शेपटी. पोराचं दूध पिऊन होईपर्यंत ती चिमणी माझ्या मधोमध बसून राहायची. मग तव्यावर भाजून पोराच्या हातात. तो आधी शेपटी खायचा.

एक मात्र रोज व्हायचं. रामदास कारखान्यातून यायचा, हात धुवायचा, पानावर बसायचा आणि पहिल्याच घासाला म्हणायचा, पोळी मधे जाड राहिली. द्वारका म्हणायची, "अहो, पोळपाटच वाकडा आहे, त्याला मी काय करू?"

मी वाकडा नव्हतो. ज्ञानदेवाच्या हातचं वाकडं निघत नसे. पण बोलणार कुणाला? नवरा-बायकोच्या भांडणात लाकडाने पडू नये. बोल माझ्यावर आला की तिच्यावरचा टळायचा. मी गप्प बसलो.

पुढे देशात काय वारं आलं कोण जाणे. रामदासच्या कारखान्यात बाहेरदेशाचं यंत्र आलं आणि पन्नाशीच्या लोकांना हार-नारळ देऊन घरी बसवलं. त्याच सुमारास अनिरुद्ध सदाशिव पेठेत कॉम्प्युटरच्या क्लासला जायला लागला. बापाला एका यंत्राने घरी बसवलं, पोराला दुसऱ्याने नोकरी दिली. यात बरं काय आणि वाईट काय ते तुम्ही शिकलेल्या लोकांनी ठरवा. रामदासने तेव्हा दाढी करणं सोडलं होतं, एवढं मी पाहिलं.

अनिरुद्धने बाणेरला नवव्या मजल्यावर फ्लॅट घेतला आणि आमचं बिऱ्हाड उचललं. तिथला ओटा ग्रॅनाइटचा. माझे पाय घसरायचे. द्वारका खाली ओलं फडकं घालून लाटायची. वर्षभर लाटलं. एका सकाळी कणीक मळून झाकून ठेवली आणि छातीला हात लावून खाली बसली. दवाखान्यात नेली. परत आणली ती झाकलेलीच. ओट्यावरची कणीक संध्याकाळपर्यंत तशीच होती.

रामदासने मला धुतला, पुसला आणि आपल्या खोलीतल्या कपाटावर भिंतीला टेकवून ठेवला. रोज फडक्याने पुसायचा. देवासारखा पुसायचा, आणि देवासारखाच बिनकामाचा करून ठेवला.

वर्षा-दीड वर्षाने घरात सून आली, चैताली. तीही कॉम्प्युटरवालीच. एका रविवारी तिला पोळ्या कराव्याशा वाटल्या. स्टुलावर चढून तिने मला खाली काढला. रामदासने मला तिच्या हातातून ओढून घेतला.

"याला हात लावायचा नाही."

"बरं, बाबा," ती म्हणाली. बस, एवढंच. पण दुसऱ्या दिवसापासून पोळ्या कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातून येऊ लागल्या. सगळ्या एका मापाच्या, एकसारख्या पातळ. रामदासला नाव ठेवायला जागा उरली नाही. तो गप्प जेवायचा, आणि कमी जेवायचा.

मग तो पक्षी आला. अनिरुद्धचा कुणी मित्र अमेरिकेला गेला आणि जाताना पिंजरा आमच्याकडे टाकून गेला. मूठभर हिरवा पक्षी. लोक त्याला लव्हबर्ड म्हणतात. पुढे पक्ष्यांची एक डॉक्टरीण म्हणाली की तो लव्हबर्ड नव्हे, बजी. मला काय, दोन्ही सारखेच. पिंजरा रामदासच्या खिडकीत ठेवला, कारण दिवसभर घरात असणारा माणूस तो एकटा. आधी तो कुरकुरला, मी काय चिमण्या राखायला बसलोय का. आठवड्यात त्याचं नाव हिरा ठेवलं आणि चहाच्या वेळी त्याच्याशी बोलायला लागला. माझ्याशी कधी बोलला नव्हता. असो.

हिरा दिवसभर एका प्लास्टिकच्या दांडीवर बसायचा. गुळगुळीत, बोटाएवढी. खायला नुसतं बी. काही महिन्यांनी तो एक पाय पोटाशी घेऊन बसू लागला. मग पाय बदलू लागला, हा वर, तो खाली, तापलेल्या फरशीवर उभं असल्यासारखा. मी कपाटावरून बघत होतो. शेवटी तो दांडी सोडून गजाला चोचीने लटकायला लागला, तेव्हा रामदासच्या लक्षात आलं.

रामदासचा स्वतःचा उजवा गुडघा गेलेला. त्याला तो रोज निर्गुडीचं तेल चोळायचा. त्याला वाटलं, पाय तो पाय. हिऱ्याला मुठीत धरून त्याने त्याच्या दोन्ही पायांना, मांड्यांना, पोटाखाली प्रेमाने तेल चोळलं. चांगलं जिरवलं.

दुपारपर्यंत हिरा पिंजऱ्याच्या तळाशी पडला. पिसं चिकटून गेलेली, अंग थरथरत. रामदासने हाक मारली ती माझ्या कानांत अजून आहे. चैताली शनिवार म्हणून घरी होती. तिने प्रश्न विचारले नाहीत. बुटाच्या खोक्यात रुमाल घातला, सासऱ्याला स्कूटरवर मागे बसवलं आणि सदाशिव पेठेतल्या पक्ष्यांच्या डॉक्टरकडे गेली.

तिथे काय झालं ते संध्याकाळी ती अनिरुद्धला सांगत होती, म्हणून मला कळलं. डॉक्टरीणबाईने विचारलं, हे तेल कुणी लावलं? रामदास म्हणाला, मी, माझ्या गुडघ्याला लागू पडतं. ती म्हणाली, "काका, तुमच्या गुडघ्याला पिसं आहेत का?" तेलाने पिसं चिकटली की पक्ष्याच्या अंगात ऊब राहत नाही. तो गारठून मरतो. पायाचं दुखणं वेगळंच होतं. गुळगुळीत दांडीवर रोज एकाच जागी भार येऊन तळव्यांना घट्टे पडले, घट्टे फुटून जखमा झाल्या. उजवा पाय लुळा पडत चालला होता.

तेल तिने तिथेच कोमट पाण्याने काढलं. औषधाचे थेंब दिले. दांडी काढा, हिरवा पाला द्या, दिव्याची ऊब द्या, आणि सपाट, साध्या लाकडावर बसवा. चैताली सांगताना थांबली. "म्हणाली, त्याला पाय टेकता आले तर खाईल. नाही टेकता आले तर दोन दिवस काढणार नाही."

रामदास खाटेवर बसून होता. तेलाची बाटली त्याने कचऱ्यात टाकली होती.  कुणी एखादी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं त्याला.

रविवारी सकाळपासून खटपट चालू झाली. पिंजऱ्यात कागद घातला, हिऱ्याचे पाय दोन बाजूंना फाकले. टॉवेल घातला, नखं दोऱ्यांत अडकली आणि तो फडफडून पडला. खोक्याची फळी घातली, तिला डिंकाचा वास, तो तोंड फिरवून बसला. चैताली म्हणाली, कॅम्पातल्या दुकानात काहीतरी मिळेल, पण ते उद्या उघडणार. रामदास म्हणाला, उद्यापर्यंत राहील का तो?

आणि त्याने वर माझ्याकडे पाहिलं.

सागवानी, साधं, रंग नाही, रोगण नाही. गोल, मोठा. त्याला सगळं दिसत होतं. उठला मात्र नाही. खाली बघून म्हणाला, "त्याला पाय लागलेला तिला चालायचा नाही."

अनिरुद्ध दारात उभा होता. हा पोरगा आधीच कमी बोलतो, आई गेल्यापासून तर मोजून. तो म्हणाला, "बाबा, आई यावर माझी चिमणी करायची. ती बसायची की यावर."

रामदास उठला. मग स्वतःच स्टुलावर चढायला लागला. गुडघ्यामुळे चढता येईना. चैतालीने पुढे होऊन मला खाली काढला, तर या वेळी त्याने ओढून घेतला नाही.

पिंजऱ्याचा तळ काढून त्यांनी मला खालून आत घातला. हिऱ्याला माझ्यावर ठेवला. तो सरकत सरकत कडेला आला आणि धपकन खाली पडला. माझे पाय उंच. माणसाच्या हिशेबाने चार बोटं, पण ज्याला उभं राहता येत नाही त्याला तो कडाच. पुन्हा ठेवला, पुन्हा पडला. दुसऱ्यांदा पडला तेव्हा त्याने उठायचाही प्रयत्न केला नाही.

रामदास खाटेखालच्या पेटीतून कारखान्यातली जुनी आरी घेऊन आला.

मला कळलं. तुम्हाला वाटतं लाकडाला कळत नाही. ते पाय ज्ञानदेवाने लावलेले. द्वारका ते रोज रात्री फडक्याने कोरडे करायची, सडू नयेत म्हणून. रामदासने मला गॅलरीत उलटा ठेवला, पायावर आरी टेकवली, आणि त्याचा हात चालेना. तीस वर्षं लोखंड कापलेला माणूस. 

"बाबा, मी करते," चैताली म्हणाली.

"नको. तू धर." आरी पुन्हा टेकवून म्हणाला, "घट्ट धर."

तिने मला दोन्ही हातांनी दाबून धरलं आणि त्याने कापलं. एक, दोन, तीन. भुसा तिच्या ड्रेसवर पडत होता. ती बाजूला झाली नाही. त्याचं नाक गळत होतं, ते त्याने पुसलं नाही. तिने पाहिलं नाही असं दाखवलं. मला दुखलं का, ते सोडा.

मग मी पिंजऱ्याच्या तळाशी सपाट बसलो. हिऱ्याला पुन्हा माझ्यावर ठेवला. तो छातीवर सरकत, लुळा पाय ओढत फिरला. कडेला गेला, परत आला. फिरता फिरता माझ्या मध्यावर आला आणि तिथे एक उथळ खळगा आहे त्यात बसला. खळग्याने त्याला चहूबाजूंनी धरला. पाय फाकले नाहीत. चैतालीने मेथीचं पान पुढे केलं. किती तरी वेळाने त्याने ते ओढलं.

त्याची जखम भरायला महिने गेले. डावा पाय सुधारला. उजवा वाकडाच राहिला, राहणार. रामदास रोज त्याला औषध पाजतो, आणि सुरीच्या पाठीने माझ्यावरची घाण खरवडतो. होय, घाण. ज्याला किळस येत असेल त्याने येऊ द्यावी. द्वारकाच्या पोळपाटावर आता पक्षी शिटतो आणि मला त्याचं काही वाटत नाही.

परवा खरवडायचं काम चैतालीने केलं. तिची बोटं मधे थांबली. "बाबा, हा इथे खोल का गेलाय?"

रामदास आला. त्याने खळग्यात अंगठा फिरवला. हळूच, कारण बाजूला हिरा होता.

"तिचा हात," तो म्हणाला. "लाटताना तिचा जोर मधे पडायचा, त्यानेच झिजला. मी जन्मभर मधे जाड, मधे जाड म्हणून तिला बोललो. ती म्हणायची पोळपाट वाकडा." मग बराच वेळ अंगठा तिथेच. "वाकडा नव्हता हा."

एवढं ऐकायला मला किती वर्षं लागली. ऐकलं तेव्हा मात्र वाटलं, नसतं बोललं तरी चाललं असतं.

चैतालीने नवा पोळपाट आणलाय. संगमरवरी, आरशासारखा सपाट. रविवारी त्यावर ती पोळ्या लाटते. पहिल्या दिवशी रामदासने घास मोडला, चावला, आणि मी स्वयंपाकघराकडे कान लावून होतो. पोळी मधे जाड होती. मला माहीत आहे, कारण चैताली स्वतःच म्हणाली, "मधे जाड राहिली ना?" रामदास म्हणाला, "वाढ अजून एक."

आता माझं सांगून झालं. हिरा या घटकेला माझ्यावर बसलाय, मान पिसांत घालून. त्याचं वजन द्वारकाच्या एका उंड्याएवढं. उंडा ठेवला की ती क्षणभर हात तसाच ठेवायची, मग लाटायला घ्यायची. तेवढंच.

पक्षी काही फार दिवसांचा सोबती नाही. तो गेला की मला पुन्हा कपाटावर चढवू नका. कबुतरांना दाणे टाका माझ्यावर, कुंडीखाली घाला, काय वाटेल ते करा. तुमच्या घरीही कुणाचं काही असंच वर पुसून ठेवलेलं असेल, तर खाली काढा. पाय लागला तर लागू दे.

चला, जा आता. दार हळू लावा.