आडवी रेषा

बालाघाटच्या शेवंताबाई पाहुण्यांना स्वतः चहा द्यायच्या नाहीत. कोणी आलं की सुनेला, नूतनला, पुढे करायच्या. हात कापायचा, कप बशीवर खुळखुळायचा आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. डॉक्टर म्हणाले, वय झालं. पन्नाशीही न ओलांडलेल्या बाईला! त्या मात्र हापशीच्या काळपट पाण्यावर खापर फोडायच्या. घरचे हसायचे. तेच पाणी पिऊन टिकाराम, त्यांचे यजमान, ठणठणीत होते ना!

मुलगी पौर्णिमा संख्याशास्त्र शिकली ती त्या खुळखुळण्यापायीच. गावोगाव हिंडून तिने त्या काळपट पाण्यातून अंगात जाणारं, बायकापुरुषांच्या केसांत साठणारं मँगनीज तपासून घेतलं, हातांचं कापणं मोजलं. आणि आलेखावर रेषा आली आडवी. मँगनीज वाढो की घटो, हात तसेच. बाई-पुरुष हा फरक तिने आधीच हिशेबातून काढून टाकला होता. बहुतेक जण तसंच करतात. अहवाल आजच पाठवायचा होता. आईला काय तोंड दाखवणार?

जाता जाता तिने बायका वेगळ्या, पुरुष वेगळे मांडून पाहिले. एका रेषेच्या दोन झाल्या. पुरुषांची खाली उतरली, बायकांची तितकीच वर चढली. एकत्र आल्या की एकमेकींना खाऊन टाकत होत्या.

तिने नागपूरला तिच्या मार्गदर्शकांना, राजेंद्र सरांना, फोन लावला.

"लगेच नाचू नको," सर म्हणाले. "योगायोगानं बी असं दिसते. त्या दोन रेषांमधला फरकच तपास. नाही टिकला, तर आडवी रेषाच पाठव."

"हौ सर."

तिला तपासायचंच नव्हतं. हाती आलेलं पुन्हा गमवायचं कोणाला असतं? तरी तिने कळ दाबली. फरक टिकला. वय घातलं, खाण्यातलं लोह घातलं, तरी टिकला. एवढ्या बाया त्या एका रेषेखाली गप्प बसल्या होत्या! तिने आलेख आईपुढे धरला.

"आई, हे पाय. एकेक ठिपका म्हणजे एकेक बाई."

शेवंताबाई चढत गेलेल्या ठिपक्यांकडे टक लावून पाहू लागल्या. "एवढ्या जणींचे हात कापते?"

"हौ."

"अन् मले वाटे, मी एकटीच."

संध्याकाळी शेजारचे प्रेमलाल आले. नूतन उठली, तिला शेवंताबाईंनी खाली बसवलं. कप खुळखुळवत, बशीत चहा सांडत त्या स्वतः बाहेर आल्या.

"पाण्यानं कापते हात," त्या म्हणाल्या. "घरी जाऊन घरवालीले बी इचारा."

प्रेमलाल बशीतल्या चहाकडे बघत राहिले. त्यांच्याही घरी चहा सूनच आणायची.